कुंडल रोड, ओगलेवाडी, सातारा रोड: आपल्या रुळांवरून देशभर गेलेली नावं

कृष्णाकाठ

मंडळी, दसऱ्याला आजोळी मसूरला गेलो होतो. मामींनी माळा रिकामा करायला काढला होता. एक तांब्याचं घंगाळ निघालं, दोन मोडके पाट निघाले, आणि गोणपाटात गुंडाळलेला एक कंदील निघाला. टाकीवर अंगठा फिरवला तर धुळीखाली उठावाची अक्षरं हाताला लागली. ओल्या फडक्यानं पुसल्यावर नाव वाचता आलं. प्रभाकर.

भाची शेजारी बसली होती, नववीत आहे. तिनं विचारलं, "मामा, ही कंपनी कुठली?" मी म्हटलं, "काल तू गाडीतनं जिथं उतरलीस ना, तिथली." तिचा विश्वासच बसेना. कराडचं रेल्वे स्टेशन कराडात नाही, ओगलेवाडीत आहे, आणि ओगलेवाडीला ते नाव ओगल्यांच्या काच कारखान्यामुळं मिळालं. १९१६ साली सुरू झालेला कारखाना. चिमण्या म्हणजे दिव्याच्या काचा, बाटल्या, बरण्या आणि पुढं हा कंदील. ओगले बंधूंनी काचेची विद्या तळेगावच्या पैसा फंडाच्या कारखान्यात उचलली. तो कारखाना लोकांनी एकेक पैसा वर्गणी देऊन उभा केलेला. कंदिलाला नाव दिलं ते वडिलांचं.

घरी परत येताना गाडीत बसून स्टेशनं मोजत होतो. ओगलेवाडी, पुढं किर्लोस्करवाडी, त्यापुढं भिलवडी. वरच्या अंगाला सातारा रोड स्टेशनजवळचा कूपरांचा कारखाना. लहानपणी मला वाटायचं की चांगली वस्तू म्हणजे मुंबईहून येणार. दुकानदारही तसंच सांगायचा, "मुंबईचा माल आहे." आणि इथं तर एकाच रेल्वेमार्गावर अख्ख्या देशाला माहीत असलेली नावं तयार झालेली!

म्हणून हा धागा काढतोय. सातारा-सांगलीतून निघालेल्या जुन्या ब्रँडांविषयी तुम्हाला जे माहीत आहे ते लिहा. एकच विनंती, फॉरवर्ड चिकटवू नका. तुमच्या घरात होतं, हाताळलंय, वडील तिथं कामाला होते, असं काहीतरी लिहा.

आणि एक मदत हवी आहे. कंदिलाची काच माझ्याच हातून फुटली. पुसताना निसटली. त्या मापाची काच कुठं मिळेल का?

वाडीकर

धागा वाचून राहवलं नाही. मी वाडीतच वाढलो. आमच्याकडं किर्लोस्करवाडी असं पूर्ण कुणी म्हणत नाही, नुसतं 'वाडी'. वडील पॅटर्न शॉपमध्ये होते, म्हणजे लोखंड ओतण्याआधी लाकडाचा जो नमुना करतात तो विभाग. पंपाचं कवच ओतायचं असेल तर आधी तस्संच्या तस्सं सागवानी लाकडात कोरायचं. पण तंतोतंत नाही, किंचित मोठं. ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं, तेवढी वाढ धरायची. त्यासाठी वडिलांकडं वेगळी पट्टी होती. दिसायला साधी फूटपट्टी, पण तिच्यावरचा प्रत्येक इंच खऱ्या इंचापेक्षा जरासा लांब. मी शाळेत एकदा चुकून तीच घेऊन गेलो आणि भूमितीची सगळी उत्तरं चुकली. ती पट्टी आजही माझ्या टेबलाच्या खणात आहे.

आता मूळ गोष्ट. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला गेले ते चित्रकार व्हायला, जे. जे. मध्ये. तिथं कळलं की काही रंग त्यांना ओळखता येत नाहीत. मग यांत्रिक ड्रॉइंगकडं वळले, व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकलमध्ये शिकवायला लागले. बढतीची वेळ आली तेव्हा डावललं गेलं, तशी नोकरी सोडली आणि बेळगावला भावाबरोबर सायकलींचं दुकान घातलं. १८८८ साल. तिथंच कडबा कापायचं यंत्र आणि लोखंडी नांगर करायला लागले.

नांगराचं काय झालं ते आमच्या वाडीत शेंबड्या पोरालाही पाठ असायचं. लोखंडानं जमिनीत विष कालवलं जातं, अशी शेतकऱ्यांची समजूत. पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली. दोन वर्षं! वडील सांगायचे, मालकानं तेव्हा दुकान बंद केलं असतं तर आपण आज पलूसला दुसऱ्याच्या रानात असतो.

पुढं बेळगावच्या नगरपालिकेला नव्या वस्तीसाठी ती जागा हवी झाली आणि कारखाना उठवायची वेळ आली. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी पुढं आले. कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर माळजमीन आणि १०,००० रुपयांचं कर्ज. १९१० साल. नुसता निवडुंग आणि सापकिरडू. आधी निवडुंग तोडला, मग छपरं उभी केली, मग भट्टी पेटली. आणि ज्या स्टेशनचं नाव कुंडल रोड होतं त्याचं किर्लोस्करवाडी झालं.

तासगावची सून

वाडीकर दादा, फार छान लिहिलंय. आमच्या सासऱ्यांच्या शेतात अजून एक किर्लोस्कर नांगर पडून आहे. आता द्राक्षबाग आहे, नांगराचं काम उरलं नाही, पण सासरे तो भंगारात देऊ देत नाहीत. खांदेनवमीला त्यालाही हळदकुंकू लावतात. ज्या नांगरानं जमीन विषारी होईल म्हणत होते, त्याचीच आता पूजा होते, हे आज तुमच्यामुळं कळलं. सासऱ्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, त्यांच्या आजोबांनी तो घेतला तेव्हा भावकीतल्या दोघांनी आठ दिवस बोलणं टाकलं होतं.

पाटणखोरं

काच माझ्या माहितीत नाही, पण आमच्याकडं कंदिलाची काच पुसायचं काम माझं होतं त्याचं लिहिते.

दिवस मावळायच्या आधी तीन कंदील ओट्यावर ओळीनं मांडायचे. आई चुलीतली राखुंडी चाळून वाटीत द्यायची. राख फडक्यावर घेऊन काच आतून फिरवायची. माझा हात बारीक, पूर्ण आत जायचा म्हणून हे काम मला. मग वर्तमानपत्राच्या कागदानं चकचकीत करायची. पाणी लावायचं नाही, ओली राहिली आणि वात पेटवली की काच तडकते. वातीची कोजळी कात्रीनं सरळ कापायची. कोपरा तिरका राहिला तर ज्योतीला शिंग फुटतं आणि एका बाजूनं काच काळी होते. आम्ही शिंग फुटलं असंच म्हणायचो.

तेव्हा कधी विचार केला नाही, पण परवा लेकानं विचारलं की वाऱ्यात हा विझत कसा नाही. बघितलं तर कळलं की बाजूचे दोन दांडे नुसते धरायला नाहीत. ते आतून पोकळ आहेत. वरून हवा त्यातनं खाली बर्नरपर्यंत जाते, म्हणजे ज्योतीला हवा मिळते पण वारा लागत नाही. कोयनेच्या पावसात वडील तो घेऊन रात्री गोठ्यात जायचे. पाटणच्या पावसात!

एक गोष्ट मनाला लागते. कोयनेचं धरण आमच्या खोऱ्यात झालं, वीज साऱ्या महाराष्ट्राला गेली, आणि आमच्या वाडीत त्यानंतरही कितीतरी वर्षं ओगलेवाडीचाच उजेड होता.

माहुली संगम

सातारा रोडचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. पाडळीजवळचा कूपरांचा कारखाना. सर धनजीशा कूपर, साताऱ्याचे पारशी गृहस्थ. १९२२ साली कारखाना घातला. सुरुवात नांगरापासूनच. म्हणजे किर्लोस्कर आणि कूपर, एकाच रुळावर दोन नांगरवाले. पुढं कूपरांनी डिझेल इंजिनं केली. आपल्या देशात डिझेल इंजिन बनवायला लागलेल्या अगदी पहिल्या कारखान्यांत त्याचं नाव घेतात. नंतर कारखाना वालचंद समूहाकडं गेला.

बऱ्याच जणांना माहीत नसतं, पण १९३७ साली मुंबई इलाख्याचे पहिले पंतप्रधान (तेव्हा मुख्यमंत्र्याला असंच म्हणायचे) हेच धनजीशा कूपर. काँग्रेसनं सुरुवातीला मंत्रिपदं घ्यायला नकार दिला, म्हणून एप्रिल ते जुलै असे साडेतीन महिने त्यांचं मंत्रिमंडळ होतं. नंतर बाळासाहेब खेर आले. आमच्या आजोबांना हे राजकारण आठवत नव्हतं. त्यांना आठवायचं ते विहिरीवरचं इंजिन. मोट सुटली ती त्या इंजिनामुळं. त्याचा टुक-टुक आवाज ऐकून ते घरातनं सांगायचे, पाणी कुठल्या पाटात आहे. भार वाढला की आवाज बदलायचा.

मिरजमळा

चितळे पण घ्या की. ते पुण्याचे असले तरी आपल्याकडं दूध डेअरी आहे त्यांची.

भिलवडी घाट

मिरजमळा, उलटं आहे हो. आधी भिलवडी, मग पुणे! माझं माहेर भिलवडी, म्हणून एवढं आवर्जून लिहिते.

भास्कर गणेश चितळे मूळचे सातारा जिल्ह्यातल्या लिंब-गोवे गावचे. १९३९ साली भिलवडीला येऊन त्यांनी दुधाचा धंदा सुरू केला. नदीकाठ, म्हशींना वैरण-पाणी, आणि दाराशी रेल्वे. दूध हे असं आहे की दिवस मोडला की माल गेला. त्यामुळं स्टेशन जवळ असणं म्हणजे अर्धा धंदा. पुण्यातलं मिठाईचं दुकान १९५० चं, म्हणजे अकरा वर्षांनंतरचं. बाकरवडी तर त्याच्याही खूप नंतरची.

आमच्या दारातून पहाटे दूध घालायला जाणाऱ्या बायकांची रांग असायची. चरवीच्या तोंडाला कडुनिंबाचा डहाळा खोचलेला, हिंदकळू नये म्हणून. केंद्रावर फॅट बघायचे. फॅट चांगली लागली की आजी परत येताना लांबूनच हात वर करून बोटांनी आकडा दाखवायची. म्हशीला सरकी किती घालायची, हे त्या बोटांवर ठरायचं. पुण्यात नातेवाईक बाकरवडीसाठी रांगेत उभे राहतात तेव्हा मला आजीची ती बोटं आठवतात.

मिरजमळा

ताई, चूक झाली. आयुष्यभर उलटंच समजत होतो. धन्यवाद.

शाहूपुरी सातारा

आता माझी पाळी. प्रिया!

नव्या पोरांना सांगून खरं वाटणार नाही, पण प्रिया स्कूटर साताऱ्यात बनायची. महाराष्ट्र स्कूटर्स, १९७५ साली स्थापन झालेली कंपनी, पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ आणि बजाज ऑटो यांची भागीदारी. कारखाना आमच्या एमआयडीसीत. बजाजची मूळ गाडी इटलीच्या व्हेस्पाच्या परवान्यावरची. तो करार १९७१ ला संपला, १९७२ पासून चेतक आली, राणा प्रतापांच्या घोड्याच्या नावाची. प्रिया त्याच घराण्यातली. चेतक आकुर्डीची, प्रिया आमची.

वडील शिक्षक. १९७७ ला नंबर लावला, गाडी दारात आली १९८३ च्या पाडव्याला. सहा वर्षं. माझा जन्म, बहिणीचा जन्म, दोन्ही त्या मधल्या काळातले. कारखाना घरापासून सायकलनं जाण्याइतका जवळ, आणि गाडीला सहा वर्षं! तेव्हा परवान्यात जेवढा आकडा लिहिलेला तेवढ्याच गाड्या काढता यायच्या, लोक कितीही रांगेत असोत. त्यामुळं ज्याचा नंबर लागला त्याच्या दारात दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक उभं, वर पैसे देऊन गाडी घेतो म्हणणारं. वडिलांकडंही एकजण आला होता. आई आतून फक्त एवढंच म्हणाली, "चहा घेऊन जा म्हणावं त्यांना."

पहिल्या दिवशी नारळ फोडला, हँडलला झेंडूचा हार, आणि चौघं सज्जनगडला. मी पुढं उभा, दोन्ही हातांनी हँडलच्या मधली पट्टी धरून. वडील, मागं आई एका बाजूला पाय सोडून, मांडीवर बहीण. मागं बसणाऱ्याच्या वजनानं चढाला पुढचं चाक हलकं व्हायचं, म्हणून घाटात वडील मला सांगायचे, "पुढं वाक." आठ वर्षं वय होईपर्यंत मला वाटत होतं की गाडी चढते ती माझ्यामुळं.

थंडीत सकाळी चालू व्हायची नाही. मग ती एका अंगाला कलवायची, थोडं थांबायचं, सरळ करायची, चोक ओढायचा आणि किक. पेट्रोल पंपावर पेट्रोलात ऑइल मापानं मिसळून द्यायचे. त्या निळसर धुराचा वास आला की अजूनही शाळेची सकाळ आठवते. १९८९ साली टीव्हीवर बजाजची जाहिरात यायला लागली तेव्हा आमची प्रिया सहा वर्षांची झाली होती, आणि जाहिरात लागली की आई हातातलं काम सोडून बघायची.

कृष्णाकाठ

शाहूपुरी, "पुढं वाक" हे वाचून थांबलो थोडा वेळ. आमच्याकडं स्कूटर नव्हती, पण शेजाऱ्यांच्या प्रियावर मी तसाच पुढं उभा राहिलोय.

एक विचार डोक्यात घोळतोय. किर्लोस्करांना औंधकरांनी जमीन दिली, ओगल्यांनाही त्यांचं पाठबळ. संस्थान केवढंसं, तेही तुकड्यातुकड्यांत विखुरलेलं. औंध एकीकडं, कुंडल दुसरीकडं, आटपाडी तिसरीकडं. उत्पन्न बेताचं. बाळासाहेब गादीवर आले १९०९ ला आणि पुढच्याच वर्षी किर्लोस्करवाडी उभी राहिली. लोक त्यांना सूर्यनमस्कारांसाठी ओळखतात, चित्रांच्या संग्रहालयासाठी ओळखतात. मला वाटतं, या धाग्यातल्या अर्ध्या नावांच्या मुळाशी हा एक माणूस आहे.

माहुली संगम

थोडा वेगळा विचार मांडतो. राजाचं श्रेय आहेच, पण कूपरांना कुठं औंधकर होते? चितळ्यांना कुठं होते? सगळ्यांत सारखी गोष्ट एकच, रेल्वे. पुणे-मिरज मीटरगेज. कोळसा आणि कच्चं लोखंड यायला, नांगर जायला, चिमण्या भुश्शात बांधून जायला. बैलगाडीनं काच पाठवली असती तर निम्मी रस्त्यातच गेली असती. ज्या गावांना रूळ नव्हते तिथं हुशार माणसं नव्हती का? विट्यात होती, खटावात होती. ती मुंबईच्या गिरणीत गेली. खटाव-माणची माणसं तर किती गेली!

वाडीकर

माहुलीकर, रेल्वे हवीच, मान्य. पण रेल्वे नीरेपासून मिरजेपर्यंत सगळीकडं होती. नांदऱ्याला कारखाना का नाही झाला? शेणोलीला का नाही? ज्या माणसाचा पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली, ज्याला होती ती जागा सोडायला लागली, त्याच्या हातावर १०,००० रुपये ठेवायचे, हे आजची बँकसुद्धा करणार नाही. तेही १९१० चे १०,०००. आमच्या घरी देवघरात बाळासाहेबांचा फोटो होता. वडिलांनी कधी कारण सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आज लिहिता लिहिता कळलं.

माहुली संगम

हे मात्र मानलं. फोटोचं वाचून गप्प झालो.

पुस्तकपेटी

वस्तूंबरोबर मासिकंही धरा. किर्लोस्करवाडीतून १९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघालं. आधी ते कारखान्याच्या मालाची माहिती देणारं. शंकरराव किर्लोस्कर संपादक, शंवाकि म्हणायचे त्यांना. त्याचं पुढं 'किर्लोस्कर' मासिक झालं. १९३० ला 'स्त्री', १९३४ ला 'मनोहर'. ज्या माळावर वीस वर्षांपूर्वी निवडुंग होता तिथून बायकांसाठी मासिक निघत होतं, आणि ते कोकणापासून नागपूरपर्यंत जात होतं.

माझी आजी चौथी शिकलेली, माहेर इस्लामपूरकडचं. 'स्त्री'चे अंक ती गादीखाली ठेवायची. लपवून नव्हे, इस्त्री व्हावी म्हणून! पानं दुमडलेली तिला चालायची नाहीत. विधवांच्या प्रश्नांवर, हुंड्यावर, बायकांच्या नोकरीवर तिला जे काही म्हणायचं असायचं ते ती त्यातलं वाचून म्हणायची. आजोबा वाद घालायला लागले की म्हणायची, "छापून आलंय." आजीनं माझ्या आईला मॅट्रिकपर्यंत शिकवलं ते घरात सगळे नको म्हणत असताना. त्यात या मासिकाचा वाटा किती हे मोजता येणार नाही, पण अंक मी जपलेत. एकूण ६३ आहेत, कुणाला बघायचे असतील तर सांगा.

हळदवाला

नमस्कार. सांगलीचा धागा आणि हळद नाही, हे बरं दिसत नाही.

हळदीचा ब्रँड म्हणजे गावच, सांगली. २०१८ ला भौगोलिक मानांकन मिळालं ते आता. त्याआधी कितीतरी वर्षं देशातल्या व्यापाऱ्यांना 'सांगलीचा भाव' हा एकच भाव कळायचा. याचं मोठं कारण हरिपूरची पेवं. जमिनीत खोल खड्डा, तोंड अरुंद, पोट मोठं. त्या मातीचा गुणच असा की वर्षानुवर्षं हळद ठेवली तरी कीड लागत नाही आणि रंग उतरत नाही. भाव पडला की पेव बंद, भाव आला की उघडायचं. २००५ च्या महापुरात बरीच पेवं गेली. आमचीही.

आणि आता कृष्णाकाठ यांच्यासाठी. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नसतं. आतली हवा कोंडलेली असते, माणूस गुदमरून मरतो. तोंड उघडून काही तास तसंच ठेवायचं. मग आजोबा दोरीला जळता कंदील बांधून हळूहळू खाली सोडायचे. मी काठावर पालथा पडून बघायचो. अंधारात तो पिवळा ठिपका खाली खाली जायचा आणि त्याच्या उजेडात हळदीची कांडी चमकायची. ज्योत बारीक झाली की आजोबा दोरी वर ओढायचे आणि म्हणायचे, "अजून नाही." खालपर्यंत जाऊन नीट जळत राहिला की मगच हमालाला उतरू द्यायचे. तो कंदील प्रभाकरच होता. दुसरा कुठला आजोबा पेवात सोडायचे नाहीत.

हळदीवरून विकोही घ्यावं लागेल, कंपनी आपल्याकडची नसली तरी. केशव विष्णू पेंढरकर, मूळचं किराणा दुकान नागपूरला. मुंबईत परळला येऊन १९५२ साली दंतमंजनापासून सुरुवात. हळदीचं क्रीम १९७५ चं. हळद लावायची आणि तोंड पिवळं होऊ द्यायचं नाही, ही त्यातली खरी कारागिरी. मग हे औषध की सौंदर्यप्रसाधन, कर कुठला लावायचा, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि विकोच्या बाजूनं निकाल लागला. आमच्या पेढीवर या खटल्याची चर्चा व्हायची. पिढ्यानपिढ्या हळद हाताळणाऱ्या माणसांना, हळद औषध आहे का हा प्रश्न कुणी कोर्टात विचारतो याचंच नवल वाटायचं.

मिरजमळा

विको चालतंय तर ऐंशीच्या दशकातलं बाहेरचंही थोडं येऊ द्या. निरमा: अहमदाबादचे करसनभाई पटेल, १९६९, घरी पावडर करून सायकलवर विकायचे, नाव मुलीच्या निरुपमा या नावावरून. एचएमटी: १९६१ पासून बंगळुरूला, जपानच्या सिटिझनच्या सहकार्यानं. माझ्या मनगटावर आजही वडिलांची एचएमटी 'जनता' आहे. रोज सकाळी चावी देतो. देवपूजा झाल्यावर वडील ज्या वेळेला द्यायचे त्याच वेळेला.

पाचगणीकर

थोडक्यात लिहिते. मॅप्रो, पाचगणी, १९५९. किशोर व्होरा फार्मासिस्ट होते. स्ट्रॉबेरी हंगामात सडून जायची, तिचा जॅम करायला लागले. आमच्या रानातली बारकी फळं बाजारात कुणी घ्यायचं नाही, जॅमला चालायची. त्या पैशात आमच्या वह्या-पुस्तकं यायची.

तासगावची सून

एवढं सगळं वाचून सासऱ्यांनी काल नांगर बाहेर काढायला लावला. गंज घासून काढला. फाळ झिजून अर्धा राहिलाय, पण त्यावरचं नाव अजून वाचता येतं. दोन गडी लागले उचलायला. फोटो टाकीन.

पाटणखोरं

कृष्णाकाठ दादा, काचेचं विसरले नाही मी. कराडला सोमवार पेठेत भांड्यांचं एक जुनं दुकान आहे, तिथं विचारून आले. आजोबा बसतात गल्ल्यावर. त्यांनी मागच्या खोलीतून तीन चिमण्या काढल्या, भुश्शात ठेवलेल्या, एकीवर अजून जुना कागद गुंडाळलेला आहे. कुठल्या मापाची हवी ते मला नक्की सांगता येईना. ते म्हणाले, कंदील घेऊनच या, अंदाजानं नेलेली काच बसत नाही.

कृष्णाकाठ

ताई, उपकार झाले! रविवारी सकाळच्या पॅसेंजरनं येतो. कंदील बरोबर आणतो, भाचीलाही आणतो. ओगलेवाडीला उतरून आधी तिला कारखान्याची जागा दाखवीन, मग दुकानात येऊ. राख चाळून कशी लावायची तेही तिला तुमच्याकडूनच शिकायचंय. हळदवाला, वात तिरकी कापली तर शिंग फुटतं हे ताईंकडून कळलं, पण इतक्या वर्षांनी टाकीत रॉकेल भरायच्या आधी आतून काय लावून धुवायचं ते तुमच्या आजोबांच्या पद्धतीनं सांगा.

हळदवाला

गरम पाणी आणि मूठभर ज्वारी. आत घालून खळखळ हलवा, ज्वारी गंज ओढून बाहेर आणते. मग दोन दिवस उन्हात उपडा ठेवा. पूर्ण वाळल्याशिवाय रॉकेल घालू नका.